सवलतीची मालकीण

माझ्या सासऱ्यांचा शिड्यांचा कारखाना होता. ॲल्युमिनियमच्या साध्या शिड्या, सरकत्या शिड्या आणि मिटणारी दुहेरी शिडी, जिला आम्ही घोडा म्हणतो. शिडी बनवण्यात सासऱ्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं आणि कर वाचवण्यातही नव्हतं. सरकारला झाडं वाढायला हवी होती तेव्हा कारखान्यामागच्या रिकाम्या पिंपांत रोपं लागली, फोटो काढून झाले, सवलत मिळाली आणि रोपं वाळली. सरकारला धूर कमी व्हायला हवा होता तेव्हा धूर ओढणारं यंत्र आलं. त्यावर सासरे दुपारी डबा उघडून जेवत, कारण त्याची उंची टेबलासारखी बरोबर होती. कामगारांनी शिकावं असं सरकारला वाटलं, म्हणून एक फळा आला. त्याच्या मागच्या बाजूवर मिस्त्री पाइप कापायची मापं लिहायचा. सरकारचं एकेक उद्दिष्ट आमच्याकडे असं पाहुण्यासारखं आलं, चहा पिऊन गेलं, आणि आमच्यात काही फरक पडला नाही.

मग सरकारला वाटलं की बायकांनी उद्योग चालवावेत.

ही बातमी आमच्या कर सल्लागाराने आणली. त्याला आम्ही घरात ‘पळवाट’ म्हणायचो, आणि त्याला ते माहीत होतं, आणि त्याचा त्याला अभिमानही होता. उद्योगाची मालकीण बाई असेल तर पाच वर्षं नफ्यावर निम्माच कर, असं तो म्हणाला. ‘आणि ती स्वतः तो चालवत असेल तर’ हा पुढचा तुकडा त्याने खाली मान घालून, घाईत म्हटला. सासूबाई त्याआधीच वारल्या होत्या, धाकट्या दिराचं लग्न व्हायचं होतं, म्हणजे घरात बाई म्हणायला मी एकटीच. मी स्वयंपाकघरात होते. सासरे कागद घेऊन आत आले, ओट्यावरची जागा फडक्याने पुसली आणि जिथे बोट ठेवलं तिथे मला सही करायला सांगितली. कशावर सही केली ते मला सही झाल्यावर कळलं. मी चिडले नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल, पण माझ्या चिडण्याची तेव्हा कुणाला सवय नव्हती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

लग्नाआधी मी दोन वर्षं एका दवाखान्यात येणाऱ्यांची नावं लिहून घेत असे, ‘बसा, नंबर आला की बोलावते’ म्हणत असे. त्याशिवाय मला कामाचा अनुभव नव्हता. आता अचानक यंत्रं, माल, उधारी, गाडी आणि कारखान्याचं नाव सगळं माझं झालं होतं आणि मी संध्याकाळी काय भाजी करायची याचा विचार करत होते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. नवरा दुकानादुकानांतून फिरून ऑर्डरी आणायचा, घरी आला की बूट काढता काढता विचारायचा, “मालकीणबाई, चहा मिळेल का?” पहिल्या दोन-चार वेळा मी हसलेही.

वर्ष होतं न होतं तोच कर कार्यालयातून कळवलं गेलं की कारखाना मालकीणच चालवते का ते बघायला अधिकारी येणार आहेत. घरात धांदल उडाली. जेवताना माझी परीक्षा सुरू झाली. पाइपची जाडी किती, पाइपात बसवलेल्या पायरीचं तोंड कशाने फुगवतात, जोडायचे रिव्हेट कुठून येतात, कोणत्या कामगाराला पगार किती. सासरे विचारायचे, मी घास गिळून उत्तर द्यायचे, आणि चुकले की ते ताटाकडे बघून सुस्कारा सोडायचे. पळवाटही दोनदा येऊन उजळणी घेऊन गेला. मला सगळं पाठ झालं. पाठांतर माझं शाळेपासूनच चांगलं होतं.

एक गोष्ट मात्र कुणी शिकवली नाही. आमच्या कारखान्यात एक पद्धत होती. सासऱ्यांनी पहिली शिडी विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं होतं, आधी तुम्ही चढून दाखवा. ते चढले. तेव्हापासून माल तयार झाला की मिस्त्री त्यातली मनाला येईल ती एक शिडी काढायचा, भिंतीला लावायचा आणि मालकाला हाक मारायचा. मालक चढायचा, वरून तिसऱ्या पायरीवर उभा राहायचा आणि सगळ्यांसमोर अंग हलवून शिडी गदगदा हलवायचा. खाली कुणी शिडी धरायची नाही. मालक धडपणे उतरला की मगच माल गाडीत चढायचा. ही गोष्ट त्या सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की मला सांगावी असं ना सासऱ्यांच्या मनात आलं, ना मिस्त्रीच्या. श्वास कसा घ्यायचा हे कुणी कुणाला सांगत नाही.

अधिकारी म्हणून काखेत छत्री धरलेल्या एक सडसडीत बाई आल्या. त्यांनी चहाला नको म्हटलं, खुर्चीलाही नको म्हटलं. त्या विचारत गेल्या आणि मी घडाघडा सांगत गेले. सासरे एका बाजूला, आपण सहज आलोय अशा चेहऱ्याने उभे होते. पळवाटीच्या कपाळावर घाम होता, पण तो खुशीत होता. बाहेर गाडी मालासाठी थांबलेली. तेवढ्यात मिस्त्रीने भिंतीला शिडी लावली आणि नेहमीच्या आवाजात हाक दिली, “मालक, या.”

आणि माझे सासरे, ज्यांनी आठवडाभर मला मालकीण व्हायला शिकवलं होतं, ते चपला काढून शिडीकडे गेले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून मोकळे झाले.

अधिकारी बाईंनी मिस्त्रीला हे काय म्हणून विचारलं. मिस्त्रीने छाती फुगवून पद्धत सांगितली, मालक चढल्याशिवाय आमची शिडी बाहेर जात नाही. त्याच्या लक्षात काहीच आलं नव्हतं. बाईंनी विचारलं, “मग मालक कोण?” सासऱ्यांचा एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर होता, आणि कोणता उचलावा हे त्यांना कळत नव्हतं.

मी उंचीला घाबरते. साध्या स्टुलावर चढून दिवा बदलायचा म्हटलं तरी माझे तळपाय गार पडतात. पण त्या क्षणी सगळ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला ओळखीची होती. हातातून कपबशी पडणार हे आधीच ठरवून बघतात तशी. माझं डोकं फिरलं.

“मी,” मी म्हटलं. “बाबा सवयीने गेले. बाबा, बाजूला व्हा.”

मी चढले. हे काही शौर्य नव्हतं, तो निव्वळ राग होता. रागाच्या भरात माणूस कुठवर जातं ते मला त्या दिवशी पायरी पायरीने कळलं. चौथ्या पायरीनंतर मी खाली बघणं सोडलं. वरून तिसऱ्या पायरीवर पोचले तेव्हा धरायला काहीच नव्हतं, नुसती भिंत. मी डोळे मिटून अंग हलवलं, शिडी हलली. डोळे उघडले तर खाली सासऱ्यांचं टक्कल, मिस्त्रीचं वर पाहणारं तोंड आणि अधिकारी बाईंची छत्री दिसली. खाली आल्यावर मी मिस्त्रीला म्हटलं, माल भरा. तो भरायला लागला.

निघताना बाईंनी मला फाटकापर्यंत यायला सांगितलं, एकटीला. त्या म्हणाल्या, “दहा ठिकाणी जाते मी. नऊ ठिकाणी मालकीण स्वयंपाकघरात सापडते. सरकारला हे कळत नाही असं समजू नका. नऊ जणींच्या नावावर घरच्यांनी सवलत खाल्ली तरी चालेल, पण दहावी उभी राहिली पाहिजे, म्हणून हा सगळा खटाटोप असतो. तुम्ही नऊतल्या की दहावी, ते मला अजून कळलेलं नाही. मी परत येईन. सांगून येणार नाही.”

या शेवटच्या वाक्याने आमच्या घराची घडी बदलली. बाई कोणत्याही दिवशी येणार म्हणजे मी रोज कारखान्यात असायला हवं. सासऱ्यांनी स्वतः तिथल्या एका खोलीत माझ्यासाठी टेबल लावून घेतलं, स्वतः मला रोज गाडीवरून नेऊ लागले. भाजी चिरायला एक बाई आली. पहिले काही महिने मी त्या टेबलाशी नुसती बसून असायचे, कुणी आलंच तर ‘बसा’ म्हणायचे. पण मिस्त्रीने घोळ घातला. माल तयार झाला की तो आता मलाच हाक मारायचा. सासऱ्यांनी एकदा त्याला हळूच सांगितलं की आज कुणी बघत नाही, मी चढतो. मिस्त्री म्हणाला, एका शिडीवर दोन मालक नकोत, शिडी दगा देते. सासऱ्यांच्या गुडघ्यांना बरंच वाटलं असणार, कारण त्यांनी वाद घातला नाही. आणि कामगार मला वहिनी म्हणायचे ते कधी बाई म्हणायला लागले, मला आठवत नाही.

दर खेपेला माझे तळपाय तसेच गार पडत. ही भीती जात नाही म्हटल्यावर मी मिस्त्रीला एक दिवस सांगितलं की मला कमरेशी धरायला कठडा हवा, पाऊल अख्खं मावेल अशी रुंद पायरी हवी, आणि वर सामान ठेवायला एक फळी. तो हसला. मग शिडी कशाला, सरळ जिनाच बांधा की बाई, म्हणाला. मी म्हटलं, बांध. मी हट्टाला पेटले की पेटले, हे त्याला एव्हाना कळलं होतं. त्याने एक करून दिली. सासऱ्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि तिला भित्र्यांची शिडी म्हणून निघून गेले.

नवऱ्याने ती एका दुकानात नेऊन ठेवली आणि चार दिवसांत त्या दुकानदाराचा फोन आला. जगात भित्रे किती आहेत याचा अंदाज शूर माणसांना नसतो. दिवा सगळ्यांचाच जातो, माळ्यावरची बॅग सगळ्यांनाच काढायची असते, गुडघे सगळ्यांचेच दुखतात. दोन वर्षांत आमचा निम्मा माल भित्र्यांसाठी जायला लागला. निम्म्या कराचे जे पैसे वाचत होते त्यातून मी पायऱ्यांना भोकं पाडायचं नवीन यंत्र घेतलं, आणि रिव्हेट मारायला तीन बायका ठेवल्या. सवलत नसती तर ते यंत्र आलं नसतं, हे मी आजही मान्य करते. धूर ओढणारं यंत्रही मी चालू करून घेतलं, आणि सासऱ्यांना जेवायला दुसरं टेबल दिलं. ते त्यांना फारसं आवडलं नाही.

त्या अधिकारी बाई पुन्हा कधीच आल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी मला जाणवलं की मी त्यांची वाट बघणं सोडून दिलंय. भीतीने गेले होते आणि आवडीने राहिले होते.

पाचवं वर्ष संपत आलं तशी पळवाट घरी आला. रात्रीच्या जेवणाआधी, सगळे असताना. धाकट्या दिराचं लग्न एव्हाना झालं होतं. माझी जाऊ लहान मुलांच्या शाळेत शिकवायची आणि ती शाळा तिला मनापासून आवडायची. पळवाटीने पाण्याचा घोट घेतला आणि सांगितलं की सवलत मालकिणीला मिळते, कारखान्याला नाही. म्हणजे कारखाना नव्या मालकिणीच्या नावावर केला की पुन्हा पाच वर्षं. सासऱ्यांचा चेहरा उजळला. ते जावेकडे वळले आणि मग माझ्याकडे, आणि माझ्याशी तर फार प्रेमाने बोलले. तू दमलीस, म्हणाले. पाच वर्षं ऊन म्हटलं नाहीस, पाऊस म्हटला नाहीस, आता घरी जरा आराम कर. मी विचारलं, कागदावर नाव बदललं तरी मी कारखान्यात येईनच ना. पळवाटीने मान हलवली. तपासणी झाली तर चालवणारी तीच दिसली पाहिजे. जुनी मालकीण तिथे दिसली तर सगळंच मुसळ केरात. निदान वर्ष-दीड वर्ष मी तिकडे फिरकायचं नाही.

मला जेवण गेलं नाही. कारखाना माझ्या नावावर आहे याचं मला कधी फारसं काही वाटलं नव्हतं, पण सकाळी तिथे जायचं नाही हे मला सहन होईना. माझ्या नावावर काय आहे यापेक्षा माझं काय आहे, हे मला तेव्हा नीट कळलं. आणि ते मी सोडणार नाही, हेही मी तिथेच, ताटावर बसूनच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला आत बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं की मी पूर्ण कर भरायचं म्हणतेय, झेपेल का. आम्ही दोघं बराच वेळ हिशेब करत बसलो. छपराचे पत्रे यंदा बदलता येणार नव्हते, दुसरी गाडी तर विसरायचीच. पण कारखाना बुडत नव्हता. मिस्त्री उठताना म्हणाला, “बाई, भरू आपण. पण बोनसला हात लावलात तर मी जुन्या मालकांच्या बाजूने.” मी म्हटलं, कबूल.

मग जावेशी बोलले. ती गच्चीत मुलांच्या चित्रांवर शेरे देत बसली होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती म्हणाली, “ताई, मला तर सांगितलं की फक्त सही करायची.”

“मलाही तेवढंच सांगितलं होतं,” मी म्हटलं.

ती हसली. तिला शाळा सोडायची नव्हती, पण नाही म्हणायचं धाडस होत नव्हतं. घरात नवी सून म्हणजे आधीच नाजूक जागा. मी तिला सांगितलं की तू काहीच बोलू नकोस, वाईटपणा मी घेते, मला आता त्याची सवय झालीय. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पळवाटीचं ऑफिस म्हणजे एका जिन्याखालची लांबट खोली होती. तिथे चार खुर्च्या मांडल्या की दार पूर्ण उघडत नसे. सासरे, नवरा, जाऊ आणि मी असे आम्ही चौघं तिथे कोंबून बसलो आणि पळवाटीने कागद माझ्यापुढे सरकवला. पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं. सासऱ्यांनी पाच वर्षांपूर्वी जसं ओट्यावर ठेवलं होतं तसंच बोट ठेवलं.

“मी सही करणार नाही,” मी म्हटलं.

सासऱ्यांना आधी वाटलं मला चष्मा हवाय. मग त्यांना कळलं. ते ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. हळू आवाजात ते म्हणाले की कारखाना त्यांनी उभा केला, पहिला पाइप त्यांनी स्वतःच्या हाताने कापला, आणि मी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले आहे.

“बीळ तुम्हीच माझ्या नावावर करून दिलंत, बाबा,” मी म्हटलं. “आणि मी त्यात नुसती बसले नाही, ते वाढवलंय.”

पळवाट मध्ये पडला. सही केली नाही तर पुढच्या वर्षापासून कर दुप्पट, हे त्याने मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. मी म्हटलं, मला माहीत आहे, मी भरीन. त्याने चष्मा काढला आणि पुसला. माझ्या बंडाने तो एवढा हादरला नव्हता जेवढा ‘भरीन’ या शब्दाने हादरला. त्या खोलीत इतक्या वर्षांत हा शब्द कुणी आपणहून उच्चारला नसावा. सासरे म्हणाले, सरकारला फुकट पैसे द्यायचे, याला अक्कल म्हणतात का.

मी जे बोलले ते मी आधी ठरवलं नव्हतं. “फुकट कसे? पाच वर्षं सरकारने निम्मा कर सोडला. का सोडला? एक बाई उभी राहावी म्हणून. मी राहिले. आता मी उभी आहे तर पूर्ण भरते, त्यात माझं काय जातं? आणि पैसे जातात तर जाऊ देत. आज धाकटीच्या नावावर केलं, पाच वर्षांनी कुणाच्या करणार? नातीच्या? घरातल्या बायका संपल्या की मग काय करणार, बाबा?”

जाऊ खाली बघत होती, पण तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती हसू दाबतेय. सासरे उठले. दार पूर्ण उघडत नसल्याने त्यांना तिरकं होऊन बाहेर जावं लागलं, आणि त्यामुळे त्यांना राग धड दाखवताही आला नाही, याचं मला वाईट वाटलं.

रस्त्यावर आल्यावर नवरा माझ्या बाजूने चालायला लागला. मग म्हणाला, मला तरी आधी सांगायचंस. मी म्हटलं, सांगितलं असतं तर तू संध्याकाळपर्यंत बाबांना सांगितलं असतंस. त्याने थोडा विचार केला आणि हे खरं असल्याचं मान्य केलं. कोपऱ्यावर पोचल्यावर म्हणाला, “ऑर्डरी वाढवून आणतो मी. दुसरं मला काय येतं?” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या वाक्याइतकं गोड तो मला क्वचितच काही बोलला असेल.

घरात सासऱ्यांनी माझ्याशी अबोला धरला. त्यांना मीठ हवं असलं तर ते जावेकडे मागायचे, मीठ माझ्या हाताशी असलं तरी. मी ते जावेच्या हातात द्यायचे, ती त्यांच्या हातात द्यायची. कारखान्यात ते यायचे बंद झाले. मी सकाळी बसने जायला लागले. वाटायचं, आपण या माणसाकडून त्याचा दिवस काढून घेतला. पण ‘करते सही’ असं एकदाही तोंडावर आलं नाही. कर भरायची तारीख आली तेव्हा मी तो भरला, सगळा. मला फार मोठं काही केल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. खरं सांगायचं तर मला तो महाग वाटला, आणि सासरे आयुष्यभर का चिडत होते ते मला पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर आठवड्याभराने, दुपारच्या सुट्टीत, माझ्या खोलीच्या दारावर टकटक झाली. दारात सासरे होते. ज्या कारखान्याची वीट न् वीट त्यांनी लावली तिथे त्यांनी दार वाजवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी उठून माझी खुर्ची पुढे केली. ते तिच्यावर बसले नाहीत. टेबलापलीकडच्या, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले आणि पिशवीतून एक कागद काढला.

“यंत्रं तुझी,” ते म्हणाले. “माल तुझा. नाव तुझं. पण ही शेड आणि खालची जमीन माझी आहे. ती मी तेव्हा तुला दिली नव्हती, तिची सवलत नव्हती म्हणून.” ते खरंच होतं, मी विसरून गेले होते. “कारखाना तुझा असेल तर जागेचं भाडं दे. माझ्या जागेत कुणी फुकट राहिलेलं मला चालत नाही.”

माझ्या मनात आलं, हा माणूस आता मला अशा वाटेने बाहेर काढणार. मी विचारलं, किती. त्यांनी आकडा सांगितला. तो ऐकून माझी भीती पळाली आणि संताप आला, कारण त्या भावात बाजारपेठेत दुकान मिळालं असतं. मी म्हटलं, छपराचे पत्रे गळताहेत, मोरी तुंबते, मागच्या भिंतीला ओल आहे, आणि त्या पिंपांतली वाळलेली झाडं अजून कुणी उचललेली नाहीत. मी निम्मं देईन आणि पत्रे तुम्ही बदलायचे. ते म्हणाले, पत्रे जो वापरतो तो बदलतो, अशी जगाची रीत आहे. मी म्हटलं, मग जगाच्या रीतीने मी दुसरी शेड बघते, रिकाम्या बऱ्याच आहेत. ते पुढे सरकले. त्यांनी थोडं खाली आणलं. मी थोडं वर गेले. त्यांनी टेबलावर हात आपटला, मी माझा आपटला. मिस्त्री दारातून डोकावला आणि परत गेला.

आमच्या घरात सुनेला सांगायची पद्धत आहे, विचारायची नाही. तिच्याशी घासाघीस करायचा तर प्रश्नच नव्हता. बारा वर्षांत या माणसाने मला ‘कर’, ‘दे’, ‘बस’, ‘सही कर’ याखेरीज दुसरं काही म्हटलं नव्हतं. आणि आता ते एका पत्र्यावरून माझ्याशी भांडत होते, घाम पुसत, डोळे बारीक करून, जसे ते पाइपवाल्याशी आणि गाडीवाल्याशी भांडत. अर्ध्या तासाने पत्रे निम्मे निम्मे असं ठरलं. भाडं त्यांच्या आणि माझ्या आकड्याच्या मध्ये कुठेतरी येऊन थांबलं, जरासं माझ्याकडे झुकून.

मी कागद ओढला आणि करार लिहायला घेतला. मुदतीची जागा आली तेव्हा मी मान वर न करता म्हटलं की तीन वर्षं लिहिते.

“दहा लिही,” सासरे म्हणाले. “दर तीन वर्षांनी तुझ्यासारख्या मालकिणीशी डोकं लावायला मला जमणार नाही.”